न रंगलेल्या मैफलीचा जमाखर्च

'मैफल उत्तरोत्तर रंगत गेली आणि रसिक मंत्रमुग्ध झाले.' वाचक मित्रमैत्रिणींनो, हे वाक्य आपण आजवर किती वेळा वाचले असेल? वर्तमानपत्रात वाचले, संस्थांच्या अहवालात वाचले, स्मरणिकेत वाचले आणि आपल्या या वार्षिक अंकातही वाचले. गायक बदलतो, राग बदलतो, सभागृह बदलते. वाक्य मात्र जसेच्या तसे राहते. आणखी पन्नास वर्षांनी कोणी हे सारे वृत्तांत एकत्र चाळले तर त्याची खात्रीच पटेल, की बेळगावात न रंगलेली मैफल कधी झालीच नाही.

वास्तविक आपणा सर्वांना ठाऊक आहे की ती होते. आपण तिला जातो, मधूनच घड्याळ पाहतो, बाहेर पडल्यावर चहाच्या गाडीपाशी उभे राहून मनसोक्त टीका करतो आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेले 'मंत्रमुग्ध' निमूटपणे वाचतो. टीका चहाबरोबर संपते, स्तुती कागदावर टिकते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. ज्या वहीत केवळ जमा आहे आणि खर्चाची बाजू कोरी आहे, अशी वही आमच्या सरांपुढे ठेवली तर ते ती न वाचताच परत करतील. मग संगीताच्याच वहीला ही सवलत का?

थोडे स्वतःविषयी सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. प्रथम वर्षाला असताना मी आपल्या भित्तिपत्रकावर दर महिन्याला ऐकलेल्या गाण्याविषयी लिहीत असे. गेले वर्षभर ते बंद होते. कारण फार उदात्त नव्हते: परीक्षा, टॅलीचा वर्ग आणि घरच्या दुकानाचे हिशेब. ऐकणे मात्र सुरू होते. लिहायचे नसल्यामुळे मी वहीत फक्त वेळा टिपत गेले. कार्यक्रम किती वाजता सुरू झाला, गायकाने किती मिनिटे काय गायले, एवढेच. या हिवाळ्यात मी एका मैफलीला गेले आणि ती रंगली नाही. त्या रात्री वहीतले आकडे पाहिले आणि वाटले, आता पुन्हा लिहायला हवे.

गायकाचे नाव मी देत नाही, संस्थेचेही नाही. तो प्रश्न एका संस्थेचा नाहीच. आकडे तेवढे देते.

निमंत्रणपत्रिकेवरची वेळ सायंकाळी ६ ची. प्रत्यक्ष दीपप्रज्वलन ६.४० ला. तेथून ७.३५ पर्यंत स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, सत्काराला उत्तर, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत आणि आभार. त्यानंतर २५ मिनिटे एका स्थानिक विद्यार्थिनीचे गायन. मग व्यासपीठाची मांडामांड आणि माइकची तपासणी यांत २० मिनिटे. मुख्य गायक गायला बसले ते ८.२० ला आणि उठले ९.४५ ला. म्हणजे ८५ मिनिटे. त्या ८५ मिनिटांतही मोठा ख्याल २५ मिनिटे, द्रुत बंदिश आणि तबल्याशी सवाल-जवाब २५ मिनिटे, आणि उरलेली ३५ मिनिटे फर्माइशी. सहापासून पावणेदहापर्यंत एकूण मिनिटे होतात २२५. ज्यासाठी माणूस ख्यालगायनाला जातो तो रागाचा विस्तार २५ मिनिटांचा. नववा हिस्सा!

पण सगळी गोष्ट आकड्यांत मावत नाही. मी पुढून चौथ्या रांगेत होते. तंबोरे आत जुळवूनच आणलेले होते, आणि कान देऊन ऐकल्यावर ध्यानात आले की पहिली तार पंचमाला नाही, निषादाला लावलेली आहे. ज्यांना या गोष्टींची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबोऱ्याची पहिली तार बहुधा पंचमात लावतात. परंतु मारव्यासारख्या रागात पंचम वर्ज्य असतो, म्हणून ती तार निषादात किंवा धैवतात घेतात. म्हणजे गायक मारवा गायच्या तयारीने आले होते. मारवा हा सूर्यास्ताचा, संधिप्रकाशाचा राग. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पत्रिकेवरच्या वेळेला कार्यक्रम सुरू झाला असता तर मारवा अगदी वेळेवर आला असता. गायकांनी घड्याळाकडे पाहिले, नमस्कार केला, मारवा मनात होता पण त्याची वेळ आता निघून गेली असे हसत सांगितले आणि शिष्याला तार पंचमावर घ्यायला लावली. गायला बिहाग. बिहाग सुंदर राग आहे, रात्रीचाच आहे. पण तो त्या दिवसाचा राग नव्हता. बदललेली तार पुरती स्थिरावण्याआधीच विस्ताराला सुरुवात झाली.

आता गायकांच्या बाजूचे. त्यांचा काहीच दोष नाही असे म्हटले तर माझीही वही एकतर्फी होईल. बिहागात गंधार आणि निषाद यांवर थांबायला जो अवकाश लागतो तो त्यांनी स्वतःलाच दिला नाही. दहाव्या मिनिटाला ताना सुरू झाल्या. अंतरा घाईने उरकला. टाळी येते म्हटल्यावर तिहाया वाढल्या, आणि सवाल-जवाबात तर गाण्यापेक्षा चुरसच अधिक होती. त्यात माइकवाल्याने ऑर्केस्ट्राच्या सवयीने एको वाढवून ठेवलेला. तबला दणदणीत, हार्मोनियम त्याहून मोठी, आणि तंबोरे केवळ पाहण्यापुरते. ज्या षड्जावर सारी इमारत उभी राहायची तोच ऐकू येईना.

त्या रात्री माझ्याबरोबर कन्नड विभागात शिकणारी माझी एक मैत्रीण होती. आयुष्यातली तिची ही पहिलीच शास्त्रीय मैफल. मी दोन महिने तिच्या मागे लागले होते. बाहेर पडल्यावर तिने एकच शब्द विचारला, "इष्टेना?" म्हणजे, एवढंच का? मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या वृत्तांतात उत्तर होते: रसिक मंत्रमुग्ध झाले. ती मला म्हणाली, "मग मलाच कळत नसेल." माझ्या मते अशा वृत्तांतांचा खरा तोटा हा आहे. नवा श्रोता प्रामाणिकपणे कंटाळतो आणि छापील मजकूर त्याला सांगतो की उणीव तुझ्यात आहे. तो पुन्हा येत नाही. आणि मग आपणच परिसंवाद भरवतो: तरुण पिढी शास्त्रीय संगीताकडे का वळत नाही?

उशिराचाही प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. त्या दिवशी मी शहापूरला मावशीकडे मुक्कामाला होते म्हणून शेवटपर्यंत बसू शकले. एरवी आमच्या गावाकडची शेवटची बस गाठायची तर मला साडेआठला उठावे लागते. वसतिगृहातल्या मुलींचे फाटक त्याच सुमारास बंद होते. म्हणजे सहाच्या कार्यक्रमाला वेळेवर येणाऱ्या आम्हां मुलींच्या वाट्याला भाषणे येतात, आणि ज्यांच्या दारात मोटार आहे ते आठला येऊन गाणे ऐकतात. भाषण लांबवणाऱ्या पाहुण्यांना हे कोणी सांगितले आहे काय? सांगणार कोण? वृत्तांतात तर पाहुण्यांनी 'समयोचित विचार मांडले' असे लिहिलेले असते!

पूर्वी मैफली रात्रभर चालत, तेव्हा हा तास-दीड तास पचून जाई. आता तशी सोय उरलेली नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मज्जाव करतात. बंदिस्त सभागृह त्यातून वगळले आहे खरे, परंतु सभागृहाचे भाडे आणि तिथल्या कर्मचाऱ्यांची वेळही दहालाच संपते. याचा अर्थ असा, की सुरुवातीला वाया गेलेले प्रत्येक मिनिट थेट रागाच्या अंगावर येते. उत्पन्न ठरलेले असताना वरखर्च वाढला की काय होते ते वाणिज्यच्या कोणत्याही मुलाला विचारा.

यावर मला घेतले जाणारे आक्षेप ठाऊक आहेत. पहिला आक्षेप: संयोजक बिचारे पदरमोड करतात, जाहिराती मागत दारोदार फिरतात, त्यांना नावे का ठेवता? खरे आहे. ही माणसे नसती तर आपल्या गावात गाणे आलेच नसते. परंतु जाहिरातदाराचा सत्कार केल्यावाचून स्मरणिका निघत नाही ही त्यांची अडचणही लिहिल्यावाचून कोणाला कशी कळणार? श्रोत्यांनाच भाषणे नको आहेत असे चार ठिकाणी छापून आले, तर उद्या तेच संयोजक पाहुण्यांना तो कागद दाखवू शकतील. प्रामाणिक टीका ही त्यांच्या हातातली ढाल होऊ शकते. स्तुतीचा तसा काही उपयोग नाही.

दुसरा आक्षेप अधिकाराचा. वीस वर्षांच्या मुलीने, जिला दोन ताना घेता येत नाहीत, तिने गायकाविषयी लिहावे काय? येथे मला दोन नावे आठवतात. १९३० च्या दशकात केशवराव भोळे 'एकलव्य' या नावाने त्या काळच्या नामांकित गायकांविषयी लिहीत आणि गुणांबरोबर मर्यादाही दाखवीत. ते स्वतः जाणकार गायक आणि संगीतकार होते. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) चे संगीत त्यांचे. अर्थात त्यांचा अधिकार मोठा. दुसरे नाव वामनराव देशपांडे यांचे. 'घरंदाज गायकी' (१९६१) हा त्यांचा ग्रंथ आपल्या ग्रंथालयात पाहिला तेव्हा मला कळले, की हे गृहस्थ व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते! स्वर आणि लय ही दोन टोके धरून कोणते घराणे कोणीकडे झुकते याची त्यांनी केलेली मांडणी वाचताना, हिशेबाची शिस्त गाण्याला परकी नाही याचा मला मनापासून आनंद झाला. तेही नुसते वाचून लिहीत नसत. त्यांनी गाणे शिकून आणि वर्षानुवर्षे ऐकून लिहिले. माझा अधिकार तेवढा नाही, आणि मी तो सांगतही नाही. 'या गायकाचे घराणे शुद्ध राहिले नाही' असे मी लिहिणार नाही. 'विस्तार २५ मिनिटांत संपला, तंबोरा ऐकू आला नाही' एवढे लिहायला मात्र तान यावी लागत नाही, कान आणि घड्याळ पुरते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो मी स्वतःलाच घेतला. आज खिशातल्या मोबाइलवर अब्दुल करीम खाँसाहेब आहेत, मल्लिकार्जुन मन्सूर आहेत, गंगूबाई हनगल आहेत, भीमसेन जोशी आहेत. वाटेल तेव्हा त्यांचे उत्तम ते ऐकायचे आणि मग आजच्या एखाद्या गायकासमोर त्या मापाने बसायचे, हा अन्याय नव्हे काय? थोडासा आहे. खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजे. त्या तीन मिनिटांत काय ठेवायचे हे त्यांनी निवडलेले असे. पुढे निघालेली ध्वनिमुद्रणेही अनेक मैफलींतून वेचलेली आहेत. वाईट रात्री कोणी जपून ठेवल्या नाहीत. तेव्हा कोणत्याही जिवंत मैफलीची तुलना मोबाइलमधल्या निवडक क्षणांशी करू नये. तिची तुलना तिच्या स्वतःच्या शक्यतेशी करावी. त्या संध्याकाळी काय होऊ शकले असते आणि काय झाले? त्या मैफलीपुरते उत्तर निषादाला लावलेल्या तारेत होते.

आणि ही अपेक्षा आपल्या भागात तरी अवास्तव म्हणता येणार नाही. मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी ही एकाच रेल्वेमार्गावरची गावे आहेत, आणि या मार्गाच्या दोन्ही अंगांना केवढे गाणे पिकले! खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हुबळीपलीकडच्या कुंदगोळचे. गंगूबाई आणि भीमसेन त्यांचे शिष्य. मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. त्यांनी आधी मिरजेच्या नीळकंठबुवांकडे धडे घेतले आणि पुढे जयपूर घराण्याची तालीम घेतली. कुमार गंधर्वांचा जन्म तर आपल्या शहराजवळच्या सुळेभावीचा, १९२४ चा. ज्या मिरजेचे तंबोरे देशभर वाजतात, त्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. असा तंबोरा व्यासपीठावर असावा आणि माइकवाल्याने तो बंद ठेवावा, याचे दुःख आपल्याला नाही तर कोणाला व्हायचे?

येथे आणखी एक नाजूक गोष्ट बोलते. फर्माइशींच्या ३५ मिनिटांत एक नाट्यपद, एक अभंग आणि एक वचन झाले. चिठ्ठ्या दोन्ही भाषांतून गेल्या होत्या, आणि गायकांनी मोठ्या चतुराईने दोन्ही बाजू सांभाळल्या. मला वचनही आवडते आणि अभंगही. मन्सूरांच्या आवाजातली वचने मी मराठी माध्यमात शिकूनही कान भरून ऐकली आहेत. पण दोन्ही भाषांचा मान राखण्याच्या त्या प्रयत्नात मान गेला तो रागाचा. वास्तविक ख्यालाच्या बंदिशी ना मराठी असतात ना कन्नड. बहुतेक व्रजभाषेच्या वळणाच्या. त्या कोणाच्याच घरच्या नाहीत, म्हणून त्या आपल्या दोघांच्याही आहेत. सभागृहात मराठी आणि कन्नड श्रोते शेजारी बसून एकाच वेळी 'वाहवा' म्हणतात ते नेमके ख्यालात. मग त्याच वेळेला कात्री का लावायची?

तात्पर्य, माझे म्हणणे टीका करा एवढेच नाही. उणे लिहिताना ते कोणाच्या खाती पडते हे पाहून लिहा. वेळ गेली ती संयोजकांच्या खाती, एको माइकवाल्याच्या खाती, घाई गायकांच्या खाती, आणि तिहाईला टाळी व आलापाला खोकला हे आपल्या, श्रोत्यांच्या खाती. त्या रात्री सर्वांत मोठी टाळी कशाला पडली हे मी वहीत लिहून ठेवले आहे. ती सवाल-जवाबाला पडली. गायकही माणूस आहे. जे मागाल तेच तो देणार. आणि जमेची बाजूही तितकीच नेमकी लिहा. ज्या स्थानिक मुलीला २५ मिनिटे मिळाली, तिने पुरिया धनाश्रीचा छोटा ख्याल इतक्या शांतपणे मांडला, की सत्काराच्या गडबडीतून आलेले सभागृह तेव्हा प्रथमच गप्प झाले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतात तिच्या वाट्याला 'आदींनी भाग घेतला' यातले 'आदी' आले. सर्वांनाच मंत्रमुग्ध केले असे लिहिले, की ज्याने खरोखर केले त्याच्यासाठी शब्दच उरत नाही.

म्हणून या अंकाच्या संपादक मंडळाला आणि आमच्या प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. येत्या वर्षापासून भित्तिपत्रकाचा एक कोपरा ऐकलेल्या कार्यक्रमांसाठी राखावा. त्यात चार गोष्टी अवश्य असाव्यात: जाहीर वेळ आणि खरी वेळ, प्रत्यक्ष गाणे किती मिनिटे, काय ऐकू आले आणि काय आले नाही, आणि लिहिणाऱ्याला काय आवडले, काय नाही, कारणासह. लेखाखाली पूर्ण नाव असावे. टोपणनावाचा मान भोळ्यांसारख्यांना शोभतो. आपण आपल्या नावाने लिहावे म्हणजे लेखणी आपोआप जपून चालते. आणि प्रत्येक कार्यक्रमावर मराठी व कन्नड अशी दोन टिपणे शेजारी शेजारी लागावीत. दोन्ही बाजूंनी तेच ऐकले की वेगळे, हे वाचायला मोठी मौज येईल. लावलेल्या टिपणाची एक प्रत संयोजकांकडे पोचवण्याचे काम मी करीन.

माझ्या मैत्रिणीला मी हे सारे आकडे दाखवले. तारेची गोष्ट सांगितली. तिने मारवा म्हणजे काय ते विचारले, म्हणून ग्रंथालयाच्या पायरीवर बसून आम्ही एकच इअरफोन वाटून घेत मारवा ऐकला. सूर्य मावळत होता हा योगायोग. ऐकून झाल्यावर तिने पुन्हा "इष्टेना?" विचारले, पण या वेळी सूर निराळा होता, तिला आणखी हवे होते. पुढच्या कार्यक्रमाला ती येणार आहे. कन्नड टिपण ती लिहील, मराठी मी. घड्याळ दोघींकडेही आहे.